हौस, तांबे आणि पाणी : संगणकाच्या घरगुती शीतकरणाचा एक दुर्लक्षित इतिहास

मराठीत 'हौशी' हा शब्द दोन अर्थांनी वापरला जातो. 'हौशी रंगभूमी' असे आपण म्हणतो तेव्हा त्यात आदराची छटा असते. 'काम अगदीच हौशी झाले आहे' असे म्हणतो तेव्हा त्यात उणेपणा दाखवायचा असतो. पोटापाण्यासाठी नव्हे, तर केवळ आवडीपोटी एखादे काम करणाऱ्या माणसाला त्या कामाच्या इतिहासात कोठे बसवायचे, हा प्रश्न वाङ्मयाच्या आणि रंगभूमीच्या अभ्यासकांना नवा नाही. १९६० साली स्थापन झालेल्या 'रंगायन'मधील अनेक मंडळी दिवसा अन्यत्र नोकरी-व्यवसाय करीत आणि संध्याकाळी तालमीला जमत. तरीही आधुनिक मराठी नाटकाचा इतिहास त्यांना वगळून लिहिता येत नाही. तंत्रज्ञानाच्या इतिहासात मात्र हौशी माणसाला अशी जागा क्वचितच मिळते. तेथे शोधक असतात, कंपन्या असतात, पेटंटे असतात. घराच्या पडवीत ड्रिल घेऊन बसलेला माणूस नसतो.

प्रस्तुत लेखात अशाच एका हौशी परंपरेचा विचार करावयाचा आहे. साधारणतः १९९८ ते २००५ या काळात अमेरिका, जर्मनी, ऑस्ट्रेलिया आदी देशांतील काही संगणकप्रेमींनी आपापले घरगुती संगणक पाण्याने थंड करण्याचा उद्योग आरंभिला. त्यासाठी लागणारे सुटे भाग आरंभी बाजारात जवळजवळ मिळतच नव्हते. म्हणून ते त्यांनी घरीच बनवले. मासे पाळण्याच्या काचपेटीतला पंप, भंगारातल्या मोटारीतून काढलेला छोटा रेडिएटर, तांब्याचा एक ठोकळा आणि काही हात प्लॅस्टिकची नळी, एवढे त्यांचे साहित्य होते. विषय प्रथमदर्शनी साहित्याच्या विद्यार्थ्याला परका वाटेल. परंतु ज्ञान कोण निर्माण करतो, ते कोणाच्या नावे जमा होते आणि त्याची नोंद कशी पुसली जाते, हे प्रश्न परके नाहीत. किंबहुना ते आपलेच आहेत.

१.

संगणक तापतो का, येथून आरंभ करू. संगणकाला दिलेली वीज गणिते करण्यात 'खर्च' होते असे आपण म्हणतो. प्रत्यक्षात त्या विजेचे अखेरीस उष्णतेतच रूपांतर होते. ही उष्णता वाहून नेली नाही तर यंत्र चुकू लागते आणि शेवटी जळते. १९४६ साली पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात जगासमोर आलेल्या 'एनियाक' या यंत्रात सुमारे १८,००० निर्वात नळ्या होत्या आणि ते सुमारे १५० किलोवॅट वीज घेत असे. त्याला थंड ठेवण्यासाठी मोठमोठे पंखे लावावे लागले. म्हणजे शीतकरणाचा प्रश्न इलेक्ट्रॉनिक संगणकाच्या जन्मापासून त्याच्या सोबत आहे. एका चकतीवरील घटकांची संख्या वर्षागणिक वाढत जाईल असे भाकीत गॉर्डन मूर यांनी १९६५ साली ज्या प्रसिद्ध लेखात केले, त्या लेखातही उष्णतेच्या प्रश्नाचा स्वतंत्र विचार केलेला आहे. आपल्याला त्यातले भाकीत तेवढे स्मरते, उष्णता स्मरत नाही.

उष्णता वाहून नेण्याचे सोपे साधन हवा हे आहे, कारण ती फुकट असते आणि गळत नाही. पण हवा हे दुबळे वाहन आहे. एका लिटर पाण्याचे तापमान एक अंशाने वाढवण्यास जेवढी उष्णता लागते, तेवढ्या उष्णतेत सुमारे साडेतीन हजार लिटर हवा एक अंशाने तापते. साचलेल्या पाण्यातून उष्णता पुढे सरकण्याचा वेगही साचलेल्या हवेच्या वीसपटींहून अधिक असतो. त्यामुळे जेथे थोड्या जागेत पुष्कळ उष्णता निर्माण होते, तेथे पाणी हा स्वाभाविक पर्याय ठरतो.

ही रचना समजण्यासाठी आपल्याला फार दूर जावे लागत नाही. जुन्या मराठी घरांतील तांब्याचा बंब आठवावा. मधोमध निखाऱ्यांची नळी, तिच्याभोवती पाणी, आणि दोहोंच्या मध्ये तांब्याचा पातळ पत्रा. निखाऱ्याची उष्णता तांब्यातून चटकन पलीकडे जाते आणि पाणी ती घेते. संगणकाच्या जलशीतनातही हेच घडते. फरक हेतूचा आहे. बंबात आपल्याला तापलेले पाणी हवे असते आणि निखाऱ्याची पर्वा नसते; संगणकात 'निखारा' थंड राहायला हवा असतो आणि तापलेले पाणी ही नकोशी वस्तू असते. म्हणून ते पाणी पंपाने पुढे ढकलायचे, रेडिएटरमध्ये पंख्याच्या वाऱ्याने निववायचे आणि पुन्हा तांब्याकडे आणायचे, असे चक्र उभारावे लागते.

२.

घरी ही करामत करणारे लोक पहिले नव्हते, हे येथेच नमूद केले पाहिजे. १९६०च्या दशकात आयबीएमच्या सिस्टिम/३६० मालिकेतील मोठ्या यंत्रांत उष्णता काढून नेण्यासाठी पाण्याचा वापर झाला होता. १९८० साली जाहीर झालेल्या आयबीएम ३०८१ या यंत्रात तर या विद्येने मोठी मजल मारली. चिनी मातीसारख्या सिरॅमिकच्या सुमारे ९ सेंटिमीटर चौरस तुकड्यावर शंभरांहून अधिक चकत्या बसवलेल्या असत. प्रत्येक चकतीवर स्प्रिंगने दाबलेला ॲल्युमिनियमचा एक छोटा दट्ट्या टेकलेला असे, मधल्या फटींत हेलियम वायू भरलेला असे, आणि या साऱ्यावर पाणी खेळवलेले धातूचे झाकण घट्ट बसवलेले असे. अशा एका संचातून सुमारे ३०० वॅट उष्णता बाहेर काढता येई. १९७६ साली लॉस अलामोस येथे बसवलेला क्रे-१ हा महासंगणक सुमारे ११५ किलोवॅट वीज घेत असे आणि त्याच्यासाठी शीतकपाटाप्रमाणे फ्रिऑन वापरलेले होते. १९८५ सालच्या क्रे-२ मध्ये तर सारी विद्युतमंडले विजेचे वहन न करणाऱ्या द्रवात बुडवून ठेवलेली होती.

याच काळात, १९८१ साली, स्टॅनफर्ड विद्यापीठातील डेव्हिड टकरमन आणि आर. एफ. डब्ल्यू. पीझ यांनी एक छोटा शोधनिबंध प्रसिद्ध केला. सिलिकॉनच्या पाठीवर केसाहून बारीक, सुमारे ५० मायक्रॉन रुंदीच्या चरी कोरून त्यांतून पाणी दाबाने सोडले, तर एका चौरस सेंटिमीटरमधून ७९० वॅट एवढी उष्णता काढता येते, असे त्यांनी प्रयोगाने दाखवले. रुंद नळीतून पुष्कळ पाणी सोडण्यापेक्षा अनेक अरुंद चरींतून ते वेगाने नेणे श्रेयस्कर, हे त्यामागचे तत्त्व होते.

एवढी प्रगत विद्या पुढे मागे का पडली? कारण तिची गरज संपल्यासारखे वाटले. १९९०च्या दशकात मोठ्या यंत्रांतील जुन्या, वीजखाऊ द्विध्रुवी ट्रान्झिस्टरांच्या जागी 'सीमॉस' या काटकसरी पद्धतीच्या चकत्या आल्या. त्या आरंभी इतक्या कमी तापत की पंखा पुरेसा ठरला. नळ, पंप, गळतीची धास्ती आणि देखभालीचा खर्च, हे सारे एकदम टळले. जाणकार अभियंते अन्य कामांना लागले किंवा निवृत्त झाले, ग्रंथ कपाटात राहिले. एखादी विद्या विसरली जाते ती नेहमी आक्रमणाने वा आपत्तीनेच असे नाही. ती अनावश्यक ठरल्यानेही विसरली जाते.

३.

याच सुमारास घरगुती संगणक हळूहळू तापू लागला होता. १९९३ सालचा पहिला पेंटियम १५ वॅटच्या आसपास उष्णता देई. २००१ सालच्या १.४ गिगाहर्ट्झच्या ॲथलॉनची उष्णता सुमारे ७२ वॅटपर्यंत गेली होती, आणि तीही नखाएवढ्या पृष्ठभागातून. परंतु हौशी मंडळी पाण्याकडे वळली ती केवळ नाइलाजाने नव्हे. ऑगस्ट १९९८ मध्ये इंटेलने सेलेरॉन ३००-ए ही स्वस्त चकती विक्रीस आणली. तिचा जाहीर वेग ३०० मेगाहर्ट्झ होता. मात्र मदरबोर्डवरील एक मांडणी ६६ मेगाहर्ट्झऐवजी १०० केली की त्यांतील पुष्कळशा चकत्या ४५० मेगाहर्ट्झवर बिनतक्रार चालत. कमी पैशांत महागड्या यंत्राचा वेग मिळू लागला. 'ओव्हरक्लॉकिंग' नावाचा हा खेळ त्याआधीही होता. या चकतीने तो घरोघर नेला. वेग वाढवला की उष्णता वाढते, आणि चकती जितकी थंड तितका अधिक वेग तिला सोसतो. शीतकरण हे अशा रीतीने वेग मिळवण्याचे साधन झाले. दुसरे कारण आवाजाचे. छोट्या, तीव्र वेगाने फिरणाऱ्या पंख्यांची घरघर रात्री असह्य होई. मोठ्या रेडिएटरवर संथ फिरणारा मोठा पंखा मात्र जवळजवळ निःशब्द असे.

हे भाग कसे बनवले जात ते थोडे तपशिलाने पाहू, कारण या इतिहासाचे मर्म तपशिलातच आहे.

सर्वांत कठीण काम तांब्याच्या ठोकळ्याचे. तांबे उष्णता वाहून नेण्यात चांदीच्या खालोखाल आणि ॲल्युमिनियमच्या पावणेदोन पट सरस असते, पण कापायला चिवट असते. ड्रिलचे पाते त्यात रुतते आणि मोडते. ज्यांच्याकडे यंत्रशाळा नव्हती ते ठोकळ्यात आडवी-उभी भोके पाडीत, ती आतल्या आत एकमेकांना जोडत आणि नको असलेली तोंडे बुजवून पाण्यासाठी नागमोडी वाट तयार करीत. ज्यांना मिलिंग यंत्र मिळे ते वरून चर कोरून त्यावर तांब्याचे वा ॲक्रिलिकचे झाकण बसवीत. तांब्याचे झाकण असेल तर आपल्याकडे भांड्याला डाग लावतात त्याप्रमाणे सांधा सोल्डरने भरावा लागे, आणि एवढा जाड ठोकळा पुरेसा तापवणे हेच घरच्या ज्योतीवर अवघड असे. ठोकळ्याचा तळ चकतीवर अचूक टेकावा म्हणून सपाट काचेवर ओला पॉलिशपेपर ठेवून त्यावर तो तासन्‌तास घासायचा. प्रथम जाड दाण्याचा कागद, मग ६००, १०००, २००० असा बारीक, तळात आपला चेहरा दिसू लागेपर्यंत. पुढे असेही ध्यानात आले की चकाकी हे सपाटपणाचे प्रमाण नव्हे. हाताचा दाब कमी-अधिक झाला तर कडा झिजतात आणि तळ आरशासारखा चमकूनही फुगीर राहतो.

रेडिएटर बनवणे घरी शक्य नव्हते. तो शोधावा लागला. थंड देशांतील मोटारींत बसणाऱ्यांना ऊब मिळावी म्हणून इंजिनाचे गरम पाणी एका छोट्या रेडिएटरमधून फिरवतात आणि त्यावरून पंख्याने हवा सोडतात. हा हीटरचा भाग संगणकाच्या कामाला नेमका उपयोगी होता. जुन्या मोटारींत तो तांब्या-पितळेचा असे, नव्या मोटारींत ॲल्युमिनियमचा. तांब्याच्या ठोकळ्याबरोबर ॲल्युमिनियमचा रेडिएटर एकाच पाण्यात जोडला तर विद्युत-रासायनिक क्रियेने ॲल्युमिनियम कुरतडले जाते, हा धडा अनेकांनी नुकसान सोसून घेतला. म्हणून जुन्या मोटारींचे हीटर शोधले जाऊ लागले. १९७७ सालच्या पाँटियाक बॉनव्हिल या अमेरिकी मोटारीचा हीटर या मंडळींत विशेष नावाजला. ती मोटार बनवणाऱ्यांच्या स्वप्नातही आला नसेल असा हा तिचा मरणोत्तर उपयोग!

मत्स्यपेटीचा पंप अहोरात्र चालण्यासाठीच बनवलेला असतो आणि आवाज करीत नाही. म्हणून तो निवडला गेला. पाणी ऊर्ध्वपातित, त्यात गंज रोखण्यासाठी मोटारीत घालतात ते द्रावण थोडेसे. पारदर्शक नळीत उजेडामुळे शेवाळ धरू लागले, तेव्हा शेवाळनाशक औषध आले आणि चांदीच्या तारेचे वेटोळेही आले. सारे जोडून झाल्यावर संगणकाबाहेरच चोवीस तास पाणी फिरवत ठेवायचे आणि प्रत्येक सांध्याखाली कोरडा कागद पसरायचा. कागद ओला झाला नाही तरच पुढे जायचे.

काहींनी रेडिएटरही वगळला. सांडपाण्याचा एक उंच प्लॅस्टिकचा पाइप उभा करून वरून झारीने पाणी सोडायचे आणि खालून पंख्याने हवा घालायची; पडता पडता थोडे पाणी वाफ होऊन उडते आणि उरलेले गार होते. ही तर सरळ आपल्या माठाची विद्या. खोलीच्या तापमानाहूनही पाणी गार करण्याची किमया साध्या रेडिएटरला साधत नाही, ती या पाइपाला साधे. पण माठ नागपुरात जसा निववतो तसा मुंबईच्या दमट हवेत निववत नाही, आणि माठासारखेच या पाइपातही पुनःपुन्हा पाणी भरावे लागे. दमट प्रदेशांतल्या लोकांनी तो लवकरच सोडून दिला.

४.

येथपर्यंतची कथा चातुर्याची आहे. पण या परंपरेचे खरे मोल चातुर्यात नसून तिने स्वतःची चूक कशी ओळखली यात आहे, असे आम्हांला वाटते.

आरंभीच्या काळात एक समजूत फार दृढ होती. पाणी फार वेगाने फिरवू नये, कारण मग त्याला रेडिएटरमध्ये निवण्यास 'पुरेसा वेळ' मिळत नाही. समजूत अगदी पटण्याजोगी आहे. चहा बशीत ओतून थोडा थांबून पिणाऱ्या आपल्यासारख्यांना तर ती सहजच पटेल. पण ती चूक आहे. बंदिस्त चक्रात तेच पाणी पुनःपुन्हा येत असते. ते रेडिएटरमध्ये कमी वेळ राहिले तर ठोकळ्यातही कमी वेळ राहते, आणि त्याच्या फेऱ्याही तितक्याच वाढतात. हिशेब करून पाहावा. चकती १०० वॅट उष्णता देत आहे आणि मिनिटाला एक लिटर पाणी फिरत आहे, तर ठोकळ्यातून बाहेर पडणारे पाणी आत शिरणाऱ्या पाण्यापेक्षा जेमतेम १.४ अंशांनी गरम असेल. प्रवाह मिनिटाला चार लिटर केला तर हा फरक ०.३६ अंशांवर येतो. म्हणजे चक्रातील सारे पाणी जवळजवळ एकाच तापमानाचे असते, आणि पंप, ठोकळा, रेडिएटर यांचा क्रम बदलल्याने विशेष काही बिघडत नाही. उलट प्रवाहाचा वेग वाढला की धातूला चिकटून राहणारा पाण्याचा संथ थर पातळ होतो आणि उष्णता अधिक सहजपणे पाण्यात शिरते. मर्यादा येते ती पंपाच्या स्वतःच्या उष्णतेची.

हा वाद केवळ युक्तिवादाने मिटला नाही. तो मिटण्यासाठी मोजावे लागले, आणि मोजणे हे ड्रिल चालवण्याहून कठीण निघाले. मदरबोर्डवरील तापमापक काही अंशांनी चुकतात, हे प्रथम मान्य करावे लागले. मग खऱ्या चकतीऐवजी तांब्याच्या तुकड्यात तापतार बसवून ठरावीक वॅटची उष्णता देणारी 'खोटी चकती' काहींनी तयार केली; प्रवाहमापक आणले; खोलीचे तापमान दर वेळी नोंदवण्याचा दंडक घातला. एकाने सांगितलेला आकडा दुसऱ्याने पडताळून पाहावा आणि जुळला नाही तर तसे उघड सांगावे, हा शिष्टाचार त्यातून रूढ झाला. प्रयोगशाळेत हे नित्याचे असेल. परंतु येथे पदवी, पगार वा पदोन्नती यांपैकी कशाचाच धाक नव्हता. केवळ हौसेपोटी काम करणारी माणसे स्वतःवर पद्धतीची एवढी कडक बंधने घालून घेतात, ही गोष्ट संशोधनपद्धती शिकवणाऱ्या आपल्यासारख्यांनी मुद्दाम ध्यानात घ्यावी अशी आहे.

मोजमापामुळे ठोकळ्याचे रूपही पालटले. आरंभीची लांब नागमोडी वाट मागे पडली. चकती नखाएवढी असते आणि उष्णता तिच्या वरच्या जागेतच एकवटलेली असते. मग दूरच्या कोपऱ्यांतून पाणी हिंडवण्यात अर्थ काय? २००३च्या आसपास नवे आराखडे आले. त्यांत पाणी अरुंद फटीतून वा अनेक बारीक छिद्रांतून नेमके चकतीच्या वर, पातळ केलेल्या तांब्यावर आदळे आणि बारीक चरींतून दोन्ही बाजूंना निघून जाई. १९८१च्या निबंधाने ज्या दिशेकडे बोट दाखवले होते, तीच ही दिशा. संस्थांनी कपाटात ठेवलेली विद्या अशा रीतीने घरगुती कारागिरांच्या हातून पुन्हा प्रचारात आली. त्यांतील काहींनी शास्त्रीय लेखन वाचले होते, काहींनी केवळ ठोकळे कापले होते. दोघेही एकाच जागी पोचले.

५.

पुढचा भाग सर्वांना ठाऊक असलेला, म्हणजे कंपन्यांचा आहे. फेब्रुवारी २००१ मध्ये इंटेलचे पॅट गेल्सिंगर यांनी एका परिषदेत इशारा दिला होता की चकत्यांची उष्णता याच गतीने वाढत राहिली तर तिची घनता अणुभट्टीच्या, रॉकेटच्या नळकांड्याच्या आणि अखेरीस सूर्याच्या पृष्ठभागाच्या तोडीची होईल. २००४ साली 'प्रेस्कॉट' नावाची पेंटियम ४ची आवृत्ती ११५ वॅटपर्यंत पोचली आणि त्याच वर्षी मे महिन्यात इंटेलने तिची नियोजित वारसदार 'तेजस' रद्द केली. केवळ वेग वाढवत नेण्याचा मार्ग खुंटला. एका चकतीत अनेक गाभे बसवण्याचा मार्ग आला. २००४ सालीच ॲपलने पॉवर मॅक जी५चे एक द्रवशीतित रूप बाजारात आणले. २००० साली डेन्मार्कमध्ये स्थापन झालेली असेटेक ही कंपनी या हौशी बाजारातूनच वर आली. तिने बनवलेला आणि कॉर्सेअरने २००९ साली विकलेला एच५० हा कायमचा बंद केलेला, पाणी न भरावे लागणारा संच सामान्य ग्राहकाच्या हाती पडला. आता ठोकळा घासण्याचे वा सांध्याखाली कागद पसरण्याचे कारण उरले नाही.

मोठी यंत्रेही पाण्याकडे परतली. २०१० साली झुरिकच्या ईटीएच या संस्थेत आयबीएमने बसवलेल्या 'ॲक्वासार'मध्ये ६० अंशांपर्यंतचे गरम पाणी वापरून त्याची उष्णता इमारतींना ऊब देण्यासाठी नेली गेली. येथे बंबाचा हेतूही परत आला, असे म्हणता येईल. २०१२ साली म्युनिकजवळच्या गार्खिंग येथे सुपरएमयूसी आला. पुण्याच्या आयसर या संस्थेत २०१९ साली बसवलेल्या 'परम ब्रह्म' या महासंगणकातही द्रव थेट चकत्यांवरील ठोकळ्यांपर्यंत नेला आहे. २०२४ साली जाहीर झालेले, कृत्रिम बुद्धिमत्तेसाठीचे एनव्हिडियाचे द्रवशीतित कपाट तर एकटेच सुमारे १२० किलोवॅट वीज घेते. एका काळी अख्खा क्रे-१ जेवढी घेई, जवळजवळ तेवढीच.

या साऱ्याचे श्रेय हौशी मंडळींना द्यावे असे आमचे म्हणणे नाही. महासंगणकांचे अभियंते त्यांच्या वाटेने गेले, आणि त्यांच्यामागे त्यांची स्वतःची परंपरा होती. शिवाय हौशी मंडळींच्या उद्योगाला दुसरी बाजूही होती. मोकळी जागा, हत्यारे आणि फावला वेळ असलेल्या सुखवस्तू समाजांतच तो प्रामुख्याने फुलला. आणि थोड्या वेगापायी अधिक वीज जाळणे हे त्याचे एक उद्दिष्ट होते, हे नाकारता येत नाही. तरीही एक गोष्ट उरते. मोठ्या यंत्रांनी पाणी सोडले आणि ते पुन्हा घेतले, या दोहोंमधल्या दीड दशकात घरगुती संगणकाच्या आकारात ही विद्या जिवंत ठेवली, तपासली आणि सुधारली ती या लोकांनी.

६.

मग त्यांची नोंद कोठे आहे? येथे आपल्या विषयाचा संबंध सर्वांत जवळून येतो. त्यांनी ग्रंथ लिहिले नाहीत. पण त्यांनी लिहिले मात्र पुष्कळ. ठोकळा कापताना काय चुकले, कोणता सांधा गळला, तापमान किती अंशांनी उतरले, याची दिवसागणिक छायाचित्रांसह टिपणे ते महाजालावर ठेवीत. त्यांत फजितीची कबुली यशाइतकीच सविस्तर असे, कारण ती लिहिली नाही तर पुढच्या माणसाचा ठोकळा वाया जाई. आत्मचरित्र आणि कार्यपुस्तिका यांच्या मधला हा एक गद्यप्रकार आहे आणि वाङ्मयप्रकार म्हणून त्याचा विचार व्हायला हवा.

लोकसाहित्याच्या अभ्यासकाला येथे जात्यावरच्या ओवीची आठवण होईल. एकीने म्हटलेली ओवी दुसरी उचलते, त्यात आपले दोन शब्द घालते आणि पुढे देते. आराखड्यांचेही तसेच होत गेले. पण हे साम्य फार ताणू नये. ओवी रचणारीने आपली सही मागे ठेवलेली नसते. ही माणसे टोपणनावाने का होईना, सही करीत होती आणि कोणाचा आराखडा कोणी उचलला यावरून त्यांच्यात चुरस आणि रुसवेफुगवेही होते. लोकपरंपरा आणि आधुनिक लेखकपण यांच्या मधली ही अवस्था आहे. बालकवी वा कुसुमाग्रज या नावांमागची माणसे कोण होती हे आपल्याला ठाऊक आहे. या टोपणनावांमागची माणसे कोण हे सांगणारे लवकरच कोणी उरणार नाही.

टोपणनावे तरी टिकतील का, हीही शंकाच आहे. ज्यावर अशी असंख्य वैयक्तिक पाने होती ती जिओसिटीज ही मोफत सेवा २००९ साली जवळजवळ साऱ्या जगात बंद झाली. २०१७ साली फोटोबकेट या चित्रसंग्रहाने आपले नियम बदलले आणि इतरांच्या पानांवर दिसणारी असंख्य छायाचित्रे एकाएकी नाहीशी झाली. मजकूर राहिला, चित्र गेले. 'खालील आकृतीत दाखवल्याप्रमाणे' हे शब्द राहिले आणि आकृतीच्या जागी रिकामी चौकट आली. मोडी कागदपत्रांच्या वाळवीविषयी आपण हळहळतो. ही वाळवी कागदाची नाही, पण तिने खाल्लेली पाने अवघ्या या शतकाच्या आरंभाच्या आसपासची आहेत.

ज्यांना व्यवसायाने आपला म्हटले नाही आणि विद्यापीठाने ज्यांच्याकडे पाहिले नाही, अशा माणसांचा इतिहास लिहिण्याची सवय मराठी अभ्यासाला काही प्रमाणात आहे. ओव्या, लावण्या, बखरी, रोजनिशा आपण अशाच गोळा केल्या. तीच सवय हाताच्या कामाच्या लेखनालाही लावायला हवी. हे केवळ परदेशातील संगणकवेड्यांपुरते नाही. पुण्याच्या कसबा पेठेतील तांबट आळीत आजही हातोडीच्या ठोक्यांनी भांडी मठारणारे कारागीर आहेत. तांबे किती तापवावे, कोठे ठोकावे, केव्हा थांबावे, हे त्यांच्या हातांना ठाऊक आहे, पण त्यातले फारच थोडे कोणी त्यांच्या शब्दांत लिहून घेतले आहे. घरी ठोकळा घासणाऱ्या हौशी माणसाने निदान आपली चूक स्वतः लिहून ठेवली होती, तरी ती पुसली जात आहे. ज्यांनी लिहिलेच नाही त्यांच्याकडे वही घेऊन जाणे तर आपल्याच हाती आहे. एम.ए.च्या प्रकल्पासाठी विषय शोधणाऱ्या विद्यार्थ्याला एवढे सुचवावेसे वाटते.